मदत हवी आहे: तेलात बुडबुडे आलेत (आज रात्रीपर्यंत सांगा)

भिजकी_छत्री: घरी केलेल्या तुळस-पुदिन्याच्या तेलात बुडबुडे आलेत, तळाशी गढूळ थर बसलाय. गाळून वापरू का? उद्या दुपारी माणसं जेवायला आहेत, कोशिंबिरीवर हेच घालायचंय. फक्त हो की नाही तेवढं सांगा, लेक्चर नको.

गिरगावकर: कुठलं तेल? पानं ताजी की वाळलेली? किती दिवस झाले?

भिजकी_छत्री: शेंगदाणा. पानं ताजी, दादरहून आणून धुऊन घातली. नऊ दिवस.

घाण्याचा_बैल: शेंगदाणा रिफाइंड की लाकडी घाण्याचं? सगळी मेख तिथे आहे. मी चार वर्षं घाण्याचंच आणतो, कधी बुडबुडा बघितला नाही.

गिरगावकर: बैलोबा, तेलाचा काय दोष? पानांचं पाणी तळाशी उतरलंय आणि तिथे आंबतंय. ताई, धुतल्यावर वाळवली होती का?

भिजकी_छत्री: फडक्यावर टिपली. जुलैत मुंबईत काय वाळतंय? चार दिवस चादरी दोरीवर आहेत.

माळ्यावरचा_डबा: माका, जास्वंदीची फुलं आणि मेथीदाणे खोबरेलात मंद आचेवर कढवा. गळणाऱ्या केसांसाठी. माझे थांबले.

भिजकी_छत्री: केसांचं कोणी विचारलं?

काढा_घ्या: डब्याने सांगितलेलं अगदीच अस्थानी नाही. कढवणं हाच मुद्दा आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, शार्ङ्गधरसंहितेत, तेलपाकाचं प्रमाण दिलंय: कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा गोळा) १, तेल ४, द्रव १६. पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवायचं. कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, मुकाट जळली तर झालं. तुम्ही कच्ची पानं बुडवून ठेवलीत. बाटलीत अजून काय आहे?

भिजकी_छत्री: काही नाही. लसूण, तो तर असणारच. आठ-दहा पाकळ्या ठेचून. दोन मिरच्या.

गिरगावकर: अहो, हे आत्ता सांगताय?! बाटली फ्रिजमध्ये होती ना?

भिजकी_छत्री: ओट्यावर, शेगडीशेजारी. हिरवा रंग छान दिसतो.

गिरगावकर: मग उत्तर नाही. चाखूनही बघू नका. लसूण जमिनीखाली वाढतो, मातीतल्या बोटुलिनम नावाच्या, विष बनवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू त्याच्यासोबत येतात. तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, वर ओट्यावरची ऊब. त्यांना अजून काय हवं? १९८५ मध्ये व्हँकूव्हरच्या एका हॉटेलात तेलातल्या लसणानेच बरीच माणसं आजारी पडली होती. गाळून विष जात नाही. वास चांगला आहे म्हणूनही भरवसा नाही.

घाण्याचा_बैल: काहीतरीच. आमच्या आजीने जन्मभर लसणाचं तेल केलं. सर्दी झाली की आमच्या कानातही घालायची.

काढा_घ्या: आजी लसूण काळा पडेपर्यंत कढवायची आणि गाळायची, हो ना? मग पाणी राहतंय कुठे? आणि कानात काही घालू नका. पडद्याला भोक असेल तर पंचाईत.

घाण्याचा_बैल: आम्ही सगळे नीट ऐकतो.

माळ्यावरचा_डबा: ऐकता, पण समोरच्याचं नाही :)

भिजकी_छत्री: भांडण नंतर करा. उकळून घेतलं तर?

गिरगावकर: नाही. बीजाणू उकळीला दाद देत नाहीत, त्यांना १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते. विष उकळीने मोडतं, पण त्या भरवशावर पाहुण्यांना वाढणार का? पुढच्या वेळी पानं अशी वाळवा की चुरली की भुगा झाला पाहिजे. ओला लसूण घातलात तर बाटली पहिल्यापासून फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत फस्त.

भिजकी_छत्री: सासूबाई त्याच बाटलीतलं गुडघ्याला चोळतात. ते तरी चालेल?

काढा_घ्या: घरात ठेवलंत तर उद्या कोणीतरी चुकून पोळीला लावेल. टाका. गुडघ्याला ओवा घालून तिळाचं तेल कढवा, कोमट चोळा.

भिजकी_छत्री: टाकलं, बाटलीसकट. सासूबाई बोलत नाहीयेत. उद्या कोशिंबिरीला लिंबू, मीठ आणि जिऱ्याची पूड.

घाण्याचा_बैल: रिफाइंड होतं की घाण्याचं, ते राहिलंच.