मदत हवी आहे: जोराच्या वाऱ्यात टेलव्हील विमान (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं) जमिनीवर कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा. नोजव्हीलवर (तिसरं चाक नाकाखाली) शिकलो, आता दोन आसनी टेलव्हीलवर हात बसवतोय. साक्रीकडच्या पवनचक्क्या फिरवणारा आपला आषाढातला वारा तुम्हाला ठाऊकच आहे.

परवा टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, वारा उजवीकडून, मागून होता. सवयीने स्टिक (विमान सांभाळायचा दांडा) पोटाशी ओढलेली. त्यामुळे एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर उचललेला; त्याखाली वाऱ्याने शिरून शेपूट हलकी केली, उजवा पंख वीतभर वर आला आणि नाक वाऱ्याकडे वळू लागलं. डावा रडर (शेपटीचं उभं सुकाणू, पायाने चालतं) पूर्ण दाबला, तरी ऐकेना. डावा ब्रेक लावला तेव्हा थांबलं. अजून छातीत धडधडतं.

नियम माहीत आहे: वारा समोरून असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याकडे, मागून असेल तर पुढे आणि वाऱ्यापासून दूर. अडतंय ते वळताना. थ्रॉटल दिला की प्रोपेलरचा झोत शेपटीवर येतो, मग स्टिक पुढे असेल तर तीच शेपूट उचलणार नाही का? वळणात स्टिक नेमकी कधी बदलता? पंख धरायला माणूस कधी घेता?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. रविवारी पुन्हा जायचंय.