हाफ-कॉक म्हणजे सेफ्टी नव्हे

भरलेल्या छोट्या रिव्हॉल्व्हरबद्दल 'हॅमर हाफ-कॉकवर ठेवून खिशात टाका' असा सल्ला दिला जातो; तो चुकीचा आहे. हॅमर म्हणजे काडतुसावर आपटणारा घोडा, आणि हाफ-कॉक म्हणजे तो अर्धाच मागे ओढून अडकवलेली स्थिती. नॉर्थ अमेरिकन आर्म्सच्या .२२ मिनी रिव्हॉल्व्हरमध्ये हाफ-कॉक फक्त सिलिंडर (गोळ्यांचे कप्पे असलेला फिरता भाग) काढण्या-घालण्यासाठी. पाच गोळ्या भरल्यावर नळी सुरक्षित दिशेला धरून हॅमर सावकाश दोन कप्प्यांमधल्या खाचेत उतरवा. मग सिलिंडर बोटाने हलवून बघा. फिरला तर खाच चुकली. हॅमर काडतुसाच्या कडेवर टेकलेला राहिला तर .२२ रिमफायर (कडेवर आघात झाला की उडणारं काडतूस) असल्याने पडल्यावरसुद्धा बार उडू शकतो. खाच नसलेलं जुनं मॉडेल असेल तर चारच भरा, हॅमर रिकाम्या कप्प्यावर. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची संरक्षक कडी) नाही, म्हणून खिशातलं होल्स्टर हवंच. किल्ल्या, सुटे पैसे दुसऱ्या खिशात. आणि हो, खिशातला कचरा नेमका त्या खाचांतच साचतो.