कंपनी म्हणते राजीनामा लिहून द्या, मग ईएसआयसीचे बेकारीचे पैसे मिळतात का?

कुंडईवाला:
नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका पॅकेजिंग युनिटमध्ये मी तीन वर्षं आठ महिने कामाला, पगार 18 हजार, ईएसआय (ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा विमा) आणि पीएफ दोन्ही कापतात. ऑर्डरी नाहीत म्हणून चवथ (गणेशचतुर्थी) झाल्या झाल्या आम्हा काही जणांना काढतायत. एचआरने छापील कागदच पुढे ठेवला, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे', फक्त नाव आणि तारीख भरायची जागा मोकळी. सही केली तर हिशोब लगेच, नाहीतर अडकेल म्हणतात. ईएसआयसीतून तीन महिने काहीतरी मिळतं असं ऐकलंय, ते राजीनामा देऊनही मिळतं का? स्कूटरचा हप्ता चालू आहे, जरा लवकर सांगा.

सत्तरीकर:
सही अजिबात करू नकोस रे बाबा! अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणतात तिला, 2018 पासून आहे, पण स्वतःहून नोकरी सोडली असेल किंवा गैरवर्तनासाठी काढलं असेल तर काही मिळत नाही. त्या कागदावर सही म्हणजे तूच सोडलीस, विषय संपला. कामावरून कमी करत असल्याचं पत्र लेखी माग, नाही दिलं तर निदान मेल टाकून विचारून ठेव.

पाटोवरची_ताई:
रक्कम सांगते म्हणजे अंदाज येईल. मागच्या चार काँट्रिब्युशन पिरियडची (वर्गणीचे सहामाही टप्पे, एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च असे धरतात) कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे रोजचे, जास्तीत जास्त 90 दिवस आणि तेही आयुष्यात एकदाच. 18 हजारांवर रोजचे 296 च्या आसपास, म्हणजे सगळे मिळून साडेसव्वीस हजार. आधी 25 टक्केच होते, कोविडच्या वेळी 50 केले. अट अशी की दोन वर्षं विमा हवा, नोकरी जाण्याआधीच्या पिरियडमध्ये 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एकात तेवढीच. नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी ईएसआयसीच्या पोर्टलवर क्लेम टाकायचा, कंपनीमार्फत जावं लागत नाही. आधार आणि बँक खातं आधीच जोडून घे, लोक तिथेच लटकतात. आणि हो, योजना मुदतीची आहे, दर वेळी वाढवतात, शेवटची 30 जून 2026 पर्यंत वाढवली होती, तेव्हा क्लेम टाकताना चालू आहे ना ते बघ.

वेर्णा_शिफ्ट:
मी जरा उलट बोलतो. सव्वीस हजारांसाठी कंपनीशी वाकडं घेऊन उद्या दुसऱ्या इस्टेटीत चौकशी झाली तर? गोवा केवढासा, एचआरवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

सत्तरीकर:
@वेर्णा_शिफ्ट अरे नुसते सव्वीस कुठे? कामगार कपात असेल तर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई द्यावी लागते, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे याची चार वर्षं, साधारण दोन महिन्यांचा पगार झाला. वर महिन्याची नोटीस किंवा तिचे पैसे. राजीनामा दिला की हे पण गेलं, म्हणून तर कागद छापून तयार असतात. नाहीच ऐकलं तर पणजीत पाटोवर लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार दे, कदंबा स्टँडवरून चालत जाशील.

कुंडईवाला:
देव बरें करूं सगळ्यांचं. 15 दिवसांचं मला माहीतच नव्हतं, एचआर त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. उद्या कागद परत करतो आणि पत्र मागतो, बाकीच्यांनाही आज रात्रीच फोन करतो कारण दोघं सकाळी सही करायच्या तयारीत आहेत. पीएफचं काय करू, काढू का?

पाटोवरची_ताई:
काढायची घाई नको, अगदीच नड असेल तर 75 टक्क्यांपर्यंत काढता येतो. सलग पाच वर्षं झालेली नाहीत, रक्कम 50 हजार किंवा वर असेल तर टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापतील. त्यापेक्षा नवीन नोकरी लागल्यावर त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर. पण कंपनीने पोर्टलवर एक्झिट डेट (नोकरी संपल्याची तारीख) आणि कारण काय टाकलंय ते मात्र दोन्हीकडे, ईएसआय आणि पीएफ, स्वतः लॉगिन करून बघ.