मदत हवी आहे: 'मेमरी फुल' म्हणजे नक्की काय फुल? रॅम घेऊ की नको?

नमस्कार मंडळी, बाबांचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आलाय, विंडोज १०, स्टिकरवर ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्डडिस्क लिहिलंय. चालू केला की चहा टाकून, गाळून, पिऊन होतो तरी ते गोल फिरतंच असतं. त्यात आता सी ड्राइव्ह लाल झालाय, जागा कमी आहे असा मेसेज सारखा येतो. दुकानात नेला तर तो म्हणे मेमरी फुल झालीय ताई, ८ जीबी टाकून देतो, पळेल बघा. आता १००० जीबी असून भरलं तर अजून ८ नी काय होणार? आणि सी १०० चा, डी ८३१ चा, म्हणजे एकूण ९३१ च दिसतात, बाकीचे ६९ गेले कुठे? मला लुबाडलं जातंय का?

प्रतिसाद १
लुबाडत नाहीये, पण शब्दाचा घोळ आहे. मोबाईलमुळे आपण सगळे स्टोरेजलाच मेमरी म्हणतो, दुकानदार मात्र रॅमला मेमरी म्हणतो. पूर्वी सायबर कॅफेत टाईप करताना लाईट गेली की सेव्ह न केलेलं सगळं जायचं, आठवतंय? ते रॅममध्ये असायचं. सेव्ह केलेलं हार्डडिस्कवर, ते राहायचं. रॅम कितीही वाढवली तरी सी ड्राइव्ह लालच राहणार.
६९ चं म्हणाल तर कंपनी १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरते, विंडोज जीबी काढताना १०२४ नी तीनदा भागतं, म्हणून ९३१. विंडोजमध्ये कुठल्याही कंपनीची डिस्क अशीच दिसते.
डी बघा, रिकामा असणार. डेस्कटॉप आणि डाऊनलोड्स दोन्ही सी मध्येच असतात, तिथलं उचलून डी मध्ये टाका.

धागाकर्ती
अहो खरंच की! डाऊनलोड्समध्ये ३८ जीबी निघाले, सगळे भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ, तेही दोनदोनदा 😅 लाल गेलं. पण स्पीड तसाच. टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ८७% आणि डिस्क १००% दाखवतोय, आत्ताच तर रिकामी केली ना??

प्रतिसाद २
ताई ते १००% म्हणजे भरली नाही, डिस्क पूर्ण वेळ कामात आहे, तिला दम खायला फुरसत नाही. जुन्या फिरत्या हार्डडिस्कचं हे नेहमीचंच. आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाका, चालू व्हायला लागणारा वेळ तिनेच कमी होईल, मग रॅम ८ करा, ४ मध्ये क्रोमचे पाचसहा टॅब उघडले की संपलं. दुकानात जाऊन 'मेमरी' हा शब्दच काढू नका, 'एसएसडी' म्हणा. आणि आधी फोटोंचा बॅकअप घ्या.

धागाकर्ती
बॅकअप पेनड्राइव्हवर चालेल का? ६४ जीबीचा आहे, म्हणजे तोही ५९ च निघणार ना 😀