मध-सोनं, तहनीक, बाळगुटी: सहा महिन्यांच्या आत हवीच का?

वैनगंगा: बाळाला तासाभरात पाजावं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी कुठे मधात उगाळलेलं सोनं चाटवतात, मुस्लिम घरांत तहनीकच्या रिवाजासाठी चावलेला खजूर बाळाच्या तोंडात टाळूला लावतात, कुठे चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, ‘जड’ म्हणून पिळून टाकतात. तिन्ही बंद व्हावं. पहिल्या दिवशी पोटात एका वेळी चमचाभरच मावतं. ते मधाने भरलं की बाळ ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध उतरायला उशीर होतो. शिवाय मधातले बोट्युलिझमचे जिवाणू वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

मोसमकाठ: मध नकोच, मान्य. पण तहनीक त्याच पंक्तीत बसवू नका. खजूर बोटाच्या टोकाएवढाच असतो. कुरआनात पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे. तो धागा धरून बोललं तर घरची मोठी माणसं ऐकतात. ‘बंद करा’ म्हटलं की बोलणंच खुंटतं.

वैनगंगा: चावणाऱ्याच्या ओठावर हर्पिसचे फोड असले तर नवजाताच्या जिवावर बेतू शकतं. निदान आधी चीक पाजा आणि खजूर न चावता स्वच्छ हाताने कुस्करा.

सहाण: आणि गुटीने काय बिघडलं? हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, वेखंड यांचे सहाणेवर उगाळलेले एकेक-दोन वेढे, तेही आईच्या दुधात. पाण्याचा थेंब नाही.

दाईपण: सहाणताई, वेढा हे माप नव्हे. सहाण खरखरीत, हात जड, की मात्रा दुप्पट. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं. दिवसाची ८ ते १२ पाजणी चुकतात. ओल्या ठेवलेल्या कांड्यांना बुरशी येते ती वेगळीच. बरं, गुटी देतात ती रडं थांबावं म्हणून, आणि रडण्याचं कारण पुष्कळदा पकडीत, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं त्यात, असतं. नुसतं बोंड तोंडात गेलं तर आईला चिरा पडतात, बाळ उपाशी राहतं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, भोवतालचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त आत असायला हवा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय.

सहाण: पकडीचं पटलं. पण सहा महिन्यांनंतर गुटी सोडणार नाही.

मोसमकाठ: बाळ ओढतच नसेल तर चीक कसा द्यायचा?

दाईपण: अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग पिळा. कातडीवर घासू नका. थेंब उकळलेल्या चमच्यात धरा आणि गालाच्या आतून हळूहळू सोडा. तरीही पाजण्याच्या वेळेला बाळ जागंच होत नसेल तर दवाखाना गाठा.