'दीर्घस्रावी' की 'संततमोचक'? डोळ्याच्या औषधासाठी शब्द हवा

पुस्तककिडा: एका विज्ञान मासिकासाठी लेख मराठीत लिहितोय. बुबुळावरच्या जखमेत जंतू गेले की वापरायची 'सस्टेन्ड रिलीज', म्हणजे एकदम न संपता बराच काळ औषध पुरवणारी अँटिबायोटिक्स: औषध भरलेली जेल, मऊ लेन्स, पापणीआड ठेवायच्या चकत्या. अँटिबायोटिकला प्रतिजैविक आहेच, घोडं अडलंय ते पुढच्या दोन शब्दांपाशी. 'मंदमोचन', 'संथस्राव' आणि 'दीर्घस्रावी' सुचलेत. मला शेवटचा बरा वाटतो.

ओपीडीतली ताई: 'दीर्घस्रावी' कृपा करून नको! आमच्याकडे स्राव म्हणजे चिपडं, पू, पाणी. 'स्राव येतो का?' हे तर आम्ही प्रत्येकाला विचारतो. तुमची दीर्घस्रावी चकती ठेवली की डोळा आठवडाभर गळणार, असंच पेशंट समजेल. 'पाझर'ही त्याच कारणाने बाद.

मळ्यातून: ताई, थेंब असताना हे सगळं कशाला? आमच्या काकांच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं होतं. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. काकू गजर लावून उठायच्या. तरी शेवटी फूल पडलंच.

ओपीडीतली ताई: तो गजर बंद व्हावा म्हणूनच, दादा. बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात एरवी अश्रू असतात ७च्या आसपास, आणि पापण्यांआड मावतात फार तर ३०. उरलेलं गालावर, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात. क्लोरॅम्फेनिकॉल घातल्यावर घसा कडू होतो तो त्यामुळेच. राहिलेलंही पापण्यांची उघडझाप पाच-दहा मिनिटांत धुऊन काढते. मग पुन्हा बाटली. आणि पात्याच्या जखमेत बऱ्याचदा बुरशी असते, तिथे प्रतिजैविक चालत नाही, नॅटामायसिनसारखं बुरशीरोधक लागतं. किडेदादा, लेखात हे दोन्ही एकाच नावाखाली ढकलू नका.

पुस्तककिडा: नोंद केली. मग 'मंदमोचन'?

शब्दवेडा: 'मोचन' चालेल, संकटमोचनामुळे कानाला ओळखीचं आहे. 'मंद' नको. मंद औषध म्हणजे कमी ताकदीचं, असा अर्थ आधी मनात येतो. 'विलंबित'ही नको. विलंबित म्हणजे उशिरा सुरू होणारं. पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात, त्यांच्यासाठी तो ठेवा. इथे औषध लगेच सुरू होतं आणि थांबत नाही. संततधार पावसातला 'संतत' घ्या: संततमोचक. फक्त 'संततमोची' लिहू नका, लोक चपला घेऊन येतील.

मळ्यातून: 'ठिबक' का नाही? गावात कुणालाही कळेल. मोकाट पाणी सोडलं की निम्मं वाहून जातं, ठिबकने मुळाशी राहतं. अगदी हेच की.

शब्दवेडा: उपमा म्हणून लेखात जरूर टाका. पण ठिबक म्हणजे थेंब थेंब, आणि इथे थेंबालाच तर पर्याय शोधतोय!

ओपीडीतली ताई: 'संतत' पटला, पण 'नियंत्रित' वेगळा ठेवा. १९७४ साली अमेरिकेत ऑक्युसर्ट नावाची चकती आली. ती काचबिंदूसाठी होती, प्रतिजैविकाची नव्हे. दोन पातळ पडद्यांमध्ये पायलोकार्पिन हे औषध, आणि ताशी २० किंवा ४० मायक्रोग्रॅम या ठरल्या वेगाने आठवडाभर बाहेर. ते नियंत्रित मोचन. उलट साधी मऊ लेन्स औषधात भिजवून घातली तर पहिल्या काही तासांतच बहुतेक औषध सोडून देते. प्रतिजैविकात हा फरक जिवावरचा. शेवटी शेवटी औषध जंतू मरणार नाहीत इतकं थोडं उरून रेंगाळलं, तर सोकावलेले जंतूच मागे राहतात. म्हणून किती दिवस पुरतं याइतकंच, ते संपतं कसं हेही लेखात यायला हवं.

पुस्तककिडा: प्रतिजैविकाचं प्रत्यक्ष वापरात आलेलं उदाहरण?

ओपीडीतली ताई: अ‍ॅझासाइट. २००७ साली अमेरिकेत मंजूर झालं. १ टक्का अ‍ॅझिथ्रोमायसिन, पॉलिकार्बोफिल नावाच्या चिकट बहुलकात (पॉलिमरमध्ये). पहिले दोन दिवस दोनदा, पुढचे पाच दिवस एकदा, झालं. पण ते डोळे येण्यावर, बुबुळाच्या जखमेवर नव्हे. दुसरा प्रकार जेलन नावाच्या डिंकाचा: बाटलीत पातळ, अश्रूंतल्या क्षारांना भेटला की घट्ट होतो. याला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडा: आळणारा थेंब! पाक आळतो तसा. 'गोठणारा' म्हटलं की थंडी वाजते.

पुस्तककिडा: वा, घेतला. आणि 'चकती खालच्या पापणीच्या खोबणीत ठेवावी' हे बरोबर ना?

ओपीडीतली ताई: अहो नाही, खोबणीत अख्खा डोळा बसतो! 'खालची पापणी ओढल्यावर होणाऱ्या खिशात' लिहा. आणि पेशंटच्या कागदावर संततमोचकही नको. 'ही चकती दिवसभर औषध सोडत राहते' एवढं पुरे.

शब्दवेडा: बघा, 'सोडत राहते'. सगळं सस्टेन्ड त्या 'राहते'त आलं. माझा संततमोचक शीर्षकापुरता आणि कोशापुरता ठेवा.

पुस्तककिडा: तसंच करतो. मजकुरात 'सोडत राहणारी', मथळ्यात 'संततमोचक'. कोलॅजेनच्या विरघळणाऱ्या झापडीला 'ढाल' म्हणावं का, ते उद्या विचारतो.