वॉर्ड सोडून १११ च्या फोनवर जावं का?

सांगलीची_लीड्समध्ये: मी इथे मेडिकल वॉर्डात नर्स आहे, बँड ५ वर (एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची पगारश्रेणी). पाठ फार दुखते. एनएचएस १११ या फोनवर आरोग्यसल्ला देणाऱ्या सेवेत क्लिनिकल अ‍ॅडव्हायजरची, म्हणजे फोनवर सल्ला देणाऱ्या नर्सची, बँड ६ ची जागा निघालीय. घरचे म्हणतात, बसून काम आहे, घेऊन टाक. खरंच तसं असतं का? आणि नर्सचं रजिस्ट्रेशन टिकवायला हे तास धरतात का?

हेडसेटवाली: तास धरतात गं. रिव्हॅलिडेशनला, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला, तीन वर्षांत ४५० तास लागतात, फोनवरचं नर्सिंगही त्यात येतं.

पण ‘बसून काम’ म्हणणाऱ्यांना एक रात्र माझ्या शेजारी बसव. तापलेल्या, अंगावर पुरळ आलेल्या बाळाची आई फोनवर. तिला काचेचा ग्लास पुरळावर दाबायला सांगायचं, डाग फिके पडतात का विचारायचं; पडले नाहीत तर धोका. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पुरळ पटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघायला लावायची. ती बघते तोवर मी मागचं रडणं ऐकत असते: जोरात आहे, की नुसतं कण्हणं? डाग फिके पडले तरी मूल मलूल असेल तर मी सोडत नाही. हात लावता येत नाही, सगळी भिस्त कानांवर.

आणि तेव्हाच समोर स्क्रीनवर कॉल किती मिनिटं चालला ते दिसत असतं. याचा मला मनापासून राग येतो. दुभाषा लाइनवर घेतला की वेळ वाढणारच, त्यात नर्सचा काय दोष?

म्हणून मुलाखतीत तूच विचार: फोनवर सीपीआर सांगावा लागला, तर त्यानंतर किती वेळ पुढचे कॉल न घेता थांबता येतं? आपले रेकॉर्ड झालेले कॉल तपासायला नर्स असते की नुसता मॅनेजर? याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर सही करू नकोस.

केंटचा_नितीन: आधी मालक कोण ते बघा. काही ठिकाणी १११ खासगी कंपन्या चालवतात, तिथे एनएचएसचाच पगार आणि पेन्शन मिळेल असं गृहीत धरू नका. डोळे तपासायचा खर्च मात्र मालकाचाच, स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी १९९२ पासून तसा नियम आहे. मागावा लागतो, आपणहून कोणी देत नाही.

सांगलीची_लीड्समध्ये: पेन्शनचं डोक्यातच नव्हतं. ताई, शनिवार-रविवार किती लागतात?

हेडसेटवाली: बरेच. जीपी (फॅमिली डॉक्टर) बंद असतात, तेव्हाच आपल्याकडे गर्दी. ड्यूटीचा रोटा लेखी माग.